भयपट आणि समीक्षेचा न्याय : ‘पीपिंग टॉम’ ते ‘तुंबाड’

एप्रिल १९६० मध्ये लंडनच्या वृत्तपत्रांनी एका चित्रपटाचा जो एकमुखी धिक्कार केला, त्याला इंग्लिश चित्रपटसमीक्षेच्या इतिहासात क्वचितच तोड सापडेल. चित्रपटाचे नाव ‘पीपिंग टॉम’. दिग्दर्शक मायकेल पॉवेल. ‘डेली एक्स्प्रेस’चे समीक्षक लेन मॉस्ली हे त्या सुमारास आशियातील काही महिन्यांचा प्रवास आटोपून परतले होते. पूर्व पाकिस्तानातील कुष्ठरोग्यांच्या वसाहती, मुंबईच्या मागल्या गल्ल्या आणि कलकत्त्याची गटारे पाहूनही आली नाही एवढी शिसारी आपणांस या चित्रपटाने आणली, असे त्यांनी लिहिले. ‘ट्रिब्यून’मधील डेरेक हिल यांनी तर हा चित्रपट फावड्याने उचलून नजीकच्या गटारात सोडून देणे हीच त्याची योग्य विल्हेवाट ठरेल, असा निर्वाळा दिला. ‘संडे टाइम्स’च्या डिलिस पॉवेल (दिग्दर्शकाशी त्यांचे नामसाम्य तेवढे आहे, नाते नाही) यांची भाषा संयमी होती, परंतु चित्रपट मुळातच दुष्ट आहे आणि त्याच्या जबाबदारीतून दिग्दर्शकाला हात झटकता येणार नाहीत, हा त्यांचाही अभिप्राय होता.

मुंबईच्या गल्ल्या येथे किळस मोजण्याचे माप म्हणून आल्या आहेत, ही गोष्ट मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. त्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना या मोजमापाविषयी काय वाटले असते, हा प्रश्न मॉस्ली यांना पडण्याचे कारण नव्हते. पण त्या उपमेतून एक गोष्ट अभावितपणे उघड होते. समीक्षकाने जे नोंदविले ते चित्रपटाविषयीचे विधान नसून स्वतःच्या शरीराविषयीचे विधान आहे. मळमळ, उबग, खिन्नता यांची ही नोंद आहे. ती कशामुळे उत्पन्न झाली याचे विश्लेषण तीत नाही. भयपटांच्या समीक्षेचा पुढील सहा दशकांचा इतिहास हा पुष्कळ अंशी या उणिवेच्या भरपाईचा इतिहास आहे, आणि ती भरपाई करताना कोणत्या नव्या उणिवा निर्माण झाल्या याचाही.

या धिक्काराची पूर्वपीठिका तीन वर्षे मागे जाते. अमेरिकेत १९३१ साली ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे दोन बोलपट निघाल्यानंतर ब्रिटिश परिनिरीक्षण मंडळाने १९३२ पासून अशा चित्रपटांसाठी ‘एच’ हे वेगळे चिन्ह योजिले होते. टॉड ब्राउनिंग यांच्या ‘फ्रीक्स’ला तेवढेही मिळाले नाही, १९३२ च्या या चित्रपटाला ब्रिटनमध्ये परवानगी मिळण्यास १९६३ साल उजाडावे लागले. ‘एच’ची जागा १९५१ मध्ये ‘एक्स’ या प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राने घेतली. हे प्रमाणपत्र गंभीर विषयांवरील चित्रपटांना मोकळीक मिळावी अशा अपेक्षेने पुढे आले होते. हॅमर नावाच्या लहानशा ब्रिटिश कंपनीने त्याचा निराळाच उपयोग केला. ‘एक्स’ हे बंधन न मानता तिने ते जाहिरातीचे साधन मानले, आणि १९५७ मध्ये टेरेन्स फिशर दिग्दर्शित ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ व पाठोपाठ १९५८ मध्ये ‘ड्रॅक्युला’ पडद्यावर आणले.

या चित्रपटांतील नावीन्य कथेत नव्हते, रंगात होते. तीसच्या दशकातील भयपट कृष्णधवल होते. त्यांतील भय सावलीत वसत असे. फिशर यांच्या चित्रपटांत रक्त तांबडे दिसू लागले. ‘ऑब्झर्व्हर’च्या सी. ए. लेजून यांनी ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ची गणना आपण पाहिलेल्या अत्यंत ओंगळ अशा पाचसहा चित्रपटांत केली. लेजून या विसाव्या दशकापासून चित्रपटांवर लिहीत आलेल्या, या कलेला इंग्लंडमध्ये प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या समीक्षकांपैकी एक. त्यांच्या विरोधाला म्हणूनच वजन होते. ‘डेली वर्कर’च्या नीना हिबिन या ‘ड्रॅक्युला’ची थोडी थट्टा करण्याच्या तयारीने गेल्या आणि संतप्त होऊन परतल्या. हिल यांनी ‘साइट अँड साउंड’च्या १९५८-५९ च्या हिवाळी अंकात या प्रवृत्तीवर सविस्तर लेखच लिहिला, भयपटांची वाढती मागणी हे त्यांच्या मते समाजाच्या रुग्णतेचे लक्षण होते.

या समीक्षकांना केवळ सोवळे ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. दोन महायुद्धे पाहिलेली ही पिढी होती. चित्रपटाने सामान्य माणसाचे जीवन खरेपणाने दाखवावे, ही त्यांची निष्ठा होती; ब्रिटिश माहितीपटाच्या परंपरेने ती घडविली होती. १९५६ पासूनच्या ‘फ्री सिनेमा’ चळवळीने आणि १९५९ मधील ‘रूम ॲट द टॉप’ने ही वास्तववादी आकांक्षा फळास येऊ लागली असतानाच प्रेक्षकांच्या रांगा मात्र रक्तपिपासू सरदाराच्या दाराशी लागाव्यात, याचे त्यांना दुःख होते. ते दुःख खरे होते. चूक होती ती निराळीच : वास्तवाचे दर्शन एकाच मार्गाने घडते असे त्यांनी गृहीत धरले. ब्रिटिश शासनाला मात्र या वादाशी कर्तव्य नव्हते. परदेशी चलन मिळवून देणारी संस्था म्हणून १९६८ मध्ये त्याने हॅमरला राणीच्या नावाचा उद्योग-पुरस्कार दिला.

‘पीपिंग टॉम’ या पार्श्वभूमीवर आला. त्यात किल्ले नव्हते, वटवाघळे नव्हती, ट्रान्सिल्व्हेनिया नव्हते. त्याचा नायक मार्क लुईस हा लंडनच्या चित्रपटनिर्मितीगृहात कॅमेऱ्याचा साहाय्यक म्हणून काम करणारा, मृदुभाषी, लाजाळू तरुण आहे. लहानपणी त्याच्या शास्त्रज्ञ पित्याने भीतीच्या अभ्यासासाठी त्यालाच प्रयोगवस्तू केले, त्याच्या प्रत्येक भयभीत क्षणाचे चित्रण करून ठेवले. मोठा झाल्यावर मार्क स्त्रियांचा खून करतो आणि मरताना त्यांच्या मुद्रेवर उमटलेले भय चित्रित करतो. कॅमेऱ्याच्या तिपाईचा एक पाय हेच त्याचे शस्त्र. आणि मरणाऱ्या स्त्रीला स्वतःचाच चेहरा दिसावा म्हणून त्याने कॅमेऱ्याला आरसा जोडला आहे. लेखक लिओ मार्क्स युद्धकाळात ब्रिटिश गुप्तसंस्थेत सांकेतिक लिपीचे तज्ज्ञ होते. पित्याची भूमिका पॉवेल यांनी स्वतः केली आणि बाल मार्कच्या भूमिकेसाठी आपल्याच मुलाला उभे केले. या निवडीकडे समीक्षकांनी विकृतीचा पुरावा म्हणून पाहिले. दिग्दर्शकाने आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम स्वतःला उभे केले आहे, असा तिचा दुसरा अर्थ होऊ शकतो. तो १९६० मध्ये कोणी लावला नाही.

चित्रपटाच्या आरंभीच प्रेक्षक मार्कच्या कॅमेऱ्याच्या दृष्टिछिद्रातून पाहू लागतो. स्त्री पुढे चालते, जिना चढते, वळते, किंचाळते. पाहणारा डोळा खुन्याचा, म्हणजेच प्रेक्षकाचा. ज्यांचा व्यवसायच अंधारात बसून पडद्यावर पाहण्याचा, त्या समीक्षकांना हे प्रकरण अधिक झोंबले असल्यास नवल नाही.

येथे भारतीय साहित्यशास्त्रातील एका उदाहरणाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक व बीभत्स हे दोन स्वतंत्र रस सांगितले आहेत. पहिल्याचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. थुंकणे, ओकारी येणे, तोंड वेडेवाकडे करणे हे बीभत्साचे अनुभाव. लंडनच्या समीक्षकांनी स्वतःवर जे नोंदविले ते हेच. भयाचा उल्लेख त्यांच्या परीक्षणांत जवळपास नाही, जुगुप्सेचाच आहे. अभिनवगुप्तांनी भयानकाच्या आस्वादाची प्रक्रिया उलगडताना शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील धावत्या हरिणाचा श्लोक घेतला आहे. हरीण भ्याले आहे, पण ते भय ना त्या विशिष्ट हरिणाचे राहते, ना प्रेक्षकाचे स्वतःचे होते. देशकालाच्या बंधनातून सुटून ते निखळ भय म्हणून प्रतीत होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या उदाहरणातील एक तपशील प्रस्तुत संदर्भात मोलाचा आहे. तो श्लोक दुष्यंताच्या तोंडी आहे. हरिणाचे मागे वळून पाहणे प्रेक्षकाला दिसते ते शिकाऱ्याच्या रथावरून, बाण लावलेल्या धनुष्यामागून. शिकाऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असताना शिकारीचे भय अनुभवणे ही ‘पीपिंग टॉम’ची रचना म्हणूनच अगदी अपूर्व नव्हे.

साम्य मात्र येथेच थांबते, आणि ते ताणू नये. दुष्यंताला तपस्वी अडवतात. तो बाण उतरवतो. मार्कला कोणी अडवीत नाही. शिवाय प्राचीन शास्त्रात सहृदयाचे निर्दोषत्व गृहीत आहे. पॉवेल यांचा चित्रपट त्या निर्दोषत्वावरच बोट ठेवतो. आपल्या व्यक्तिगत सुखदुःखाच्या अधीन होणे हे अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या रसविघ्नांपैकी एक विघ्न आहे. आपल्यावरच आरोप होत आहे असे ज्या प्रेक्षकाला जाणवले, त्याला रसास्वाद दुर्घट व्हावा हे शास्त्राला धरूनच आहे.

परिणाम त्वरित झाला. चित्रपट लंडनच्या चित्रगृहातून लवकरच उतरला. ‘द रेड शूज’ (१९४८) आणि ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) यांसारख्या चित्रपटांचे श्रेय एमेरिक प्रेसबर्गर यांच्यासमवेत ज्यांच्याकडे जाते, त्या पॉवेल यांची ब्रिटनमधील कारकीर्द यानंतर सावरली नाही. १९६१ चा ‘द क्वीन्स गार्ड्स’ अपयशी ठरला. पुढील महत्त्वाचे दोन चित्रपट, ‘दे’र अ वीअर्ड मॉब’ (१९६६) व ‘एज ऑफ कन्सेंट’ (१९६९), त्यांना ऑस्ट्रेलियात जाऊन करावे लागले. केवळ परीक्षणांमुळे हे घडले असे म्हणणे अतिव्याप्त होईल. प्रेसबर्गर यांच्याशी असलेली भागीदारी आधीच संपली होती आणि त्यांच्या शैलीचा काळही ओसरत होता. परंतु परीक्षणांचा त्यात मोठा वाटा होता, हे नाकारता येत नाही.

त्याच वर्षी आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ प्रदर्शित झाला. विषय जवळचाच : एकाकी, लाजाळू तरुण, पालकाने घडविलेली विकृती, लपून पाहणारा डोळा. हिचकॉक यांनी समीक्षकांसाठी आगाऊ खेळ ठेवला नाही आणि आरंभानंतर कोणालाही आत न सोडण्याचा नियम चित्रगृहांना घालून दिला. समीक्षकांना सामान्य प्रेक्षकांच्या गर्दीत बसून, त्यांच्या किंकाळ्या ऐकत चित्रपट पाहावा लागला. लेजून शेवटापर्यंत थांबल्या नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी ‘ऑब्झर्व्हर’मधील स्तंभही सोडला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर यांनी आरंभी कोमट परीक्षण लिहिले आणि वर्षाखेरीस तोच चित्रपट आपल्या दहा सर्वोत्कृष्ट चित्रपटांच्या यादीत घातला. मधल्या काळात चित्रपट बदलला नव्हता. त्याला मिळालेला अफाट प्रतिसाद मात्र सर्वांसमोर आला होता. ‘पीपिंग टॉम’ला ही संधी लाभली नाही.

मूल्यमापनातील खरा पालट वृत्तपत्रांबाहेर झाला. रॉबिन वुड या तरुण अध्यापकाने ‘सायको’वर लिहिलेला लेख ‘साइट अँड साउंड’ने नाकारला, पॅरिसच्या ‘काइये द्यू सिनेमा’ने तो छापला. १९६५ मध्ये वुड यांचे हिचकॉकवरील पुस्तक आले तेव्हा हिचकॉकला गंभीरपणे का घ्यावे, या प्रश्नानेच त्यांना आरंभ करावा लागला. पॅरिसमध्येच १९६२ साली ‘मिदी-मिन्वी फांतास्तिक’ हे अद्भुत व भयप्रधान चित्रपटांना वाहिलेले नियतकालिक निघाले आणि त्याचा पहिला अंक टेरेन्स फिशर यांच्यावर होता! ज्याला लंडनमध्ये ओंगळ म्हटले, त्याचा खाडीपलीकडे विशेषांक निघावा, यात फ्रेंचांची गुणग्राहकता जशी आहे तशी खोडीही असावी. डेव्हिड पिरी यांनी १९७३ च्या ‘अ हेरिटेज ऑफ हॉरर’ या ग्रंथात हॅमरच्या चित्रपटांचे मूळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेल्या इंग्लिश गॉथिक कादंबरीत दाखविले. भयपट हाच ब्रिटनचा स्वतःचा चित्रप्रकार आहे, असा त्यांचा दावा होता. १९७८ मध्ये इयान क्रिस्टी यांनी ‘पीपिंग टॉम’वरील परीक्षणांचाच अभ्यास केला. १९७९ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या पाठबळाने चित्रपट न्यूयॉर्कच्या महोत्सवात दाखविला गेला. डिलिस पॉवेल यांनी १९९४ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यानंतर, ‘संडे टाइम्स’मध्येच ही उत्तम कलाकृती असल्याचे मान्य केले, आणि मरणोत्तर संभाषणाची सोय असल्यास दिग्दर्शकाला शोधून त्याची क्षमा मागणे आपण आपले कर्तव्य समजू, असे लिहिले. मायकेल पॉवेल १९९० मध्येच निवर्तले होते.

अमेरिकेत हीच वाटचाल अधिक वेगाने झाली. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ ऑक्टोबर १९६८ मध्ये, म्हणजे चित्रपटांच्या नव्या वर्गीकरणाचा अंमल सुरू होण्याच्या महिनाभर आधी निघाला. दुपारच्या खेळाला आलेल्या लहान मुलांची भेदरलेली अवस्था रॉजर ईबर्ट यांनी जानेवारी १९६९ मध्ये वर्णन केली. त्यांचा रोख चित्रपटापेक्षा मुलांना आत सोडणाऱ्यांवर अधिक होता. मृतांच्या टोळीतून रात्रभर तगून राहिलेला कृष्णवर्णीय नायक सकाळी गोऱ्या बंदूकधाऱ्यांच्या गोळीने मरतो, या शेवटाचे वांशिक वाचन पुढील काळात रूढ झाले. जून १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो दाखविला गेला. १९९९ मध्ये राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. वुड यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत असा की, समाज जे दडपतो तेच भयपटात राक्षस होऊन परत येते. या एका सूत्राने भयपटाला विद्यापीठाचे दार उघडले. १९८० मध्ये जीन सिस्केल व ईबर्ट यांनी दूरचित्रवाणीवर स्त्रीहत्येच्या चित्रपटांविरुद्ध मोहीम उघडली. त्याच चित्रपटांत शेवटी जिवंत राहणाऱ्या मुलीची आकृती कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात शोधली आणि तरुण पुरुष-प्रेक्षकाचे तादात्म्य खुन्याशी नव्हे, तर तिच्याशी असते असे दाखविले. या दोन भूमिकांतील पहिली सरसकट त्याज्य मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. तो योग्य नाही. एखादा चित्रपट अभ्यसनीय आहे, एवढ्याने तो निरुपद्रवी ठरत नाही.

अलीकडच्या दशकात चित्र उलटे झाले आहे. ‘द बाबाडूक’ (२०१४), ‘द विच’ (२०१५), ‘गेट आउट’ (२०१७), ‘हेरेडिटरी’ (२०१८) या चित्रपटांचे समीक्षकांनी जे स्वागत केले, ते लेजून यांच्या पिढीला अविश्वसनीय वाटले असते. ‘गेट आउट’च्या पटकथेला ऑस्कर मिळाले, त्याचे दिग्दर्शक जॉर्डन पील यांनी रोमेरोंच्या चित्रपटाचे ऋण मान्य केले आहे. २०२१ मध्ये जुलिया द्युकुर्नो यांच्या ‘तितान’ने कान महोत्सवाचे सुवर्णपर्ण पटकावले. या चित्रपटांसाठी ‘उन्नत भयपट’ अशी संज्ञा रूढ झाली. ‘गार्डियन’मध्ये स्टीव्ह रोझ यांनी जुलै २०१७ मध्ये ‘उत्तर-भयपट’ असा शब्द सुचविला आणि डेव्हिड चर्च यांनी २०२१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

संज्ञा तपासून पाहावी लागते. ‘उन्नत’ म्हणताना बाकीचे भयपट अवनत आहेत हे न बोलता मान्य होते. १९५७ मध्ये समीक्षक म्हणत : हा भयपट आहे, म्हणून वाईट. आज म्हणतात : हा चांगला आहे, म्हणून केवळ भयपट नव्हे. दोन्ही वाक्यांत भयपटाचे स्थान तेच राहिले आहे. दुःख, मातृत्व, वंशद्वेष यांचे रूपक सापडले की समीक्षक निर्धास्त होतो. मग भीती वाटली की नाही, हे सांगण्याची गरज उरत नाही. मॉस्ली यांच्या परीक्षणात नुसते शरीर होते. आजच्या पुष्कळ परीक्षणांत नुसता अर्थ असतो. ‘हेरेडिटरी’तील मोटारीच्या अपघातानंतर कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर कितीतरी वेळ खिळून राहतो आणि मागे काय आहे ते दाखवीत नाही, तेथील भयाचे मर्म त्या न दाखविण्याच्या कालमानात आहे, कौटुंबिक शोकाच्या रूपकात नव्हे.

प्रेक्षक या बदलात सामील झाला आहे, असेही नाही. अमेरिकेत सिनेमास्कोअर ही संस्था पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. ‘द विच’ला त्यांनी ‘सी वजा’, ‘इट कम्स ॲट नाइट’ला (२०१७) ‘डी’ आणि ‘हेरेडिटरी’ला ‘डी अधिक’ अशी श्रेणी दिली. ‘गेट आउट’ला मात्र ‘ए वजा’. १९६० मध्ये समीक्षक उठून जात होते आणि ‘सायको’च्या दारी रांगा लागत होत्या, २०१८ मध्ये समीक्षक प्रशंसा करीत होते आणि प्रेक्षक कुरकुरत बाहेर पडत होता. (‘हेरेडिटरी’ला उत्पन्न उत्तम झाले, ही गोष्ट वेगळी, नापसंतीही तिकीट काढूनच व्यक्त होते.) या श्रेणी गुणवत्तेपेक्षा अपेक्षाभंगच अधिक मोजतात. जाहिरातीने ज्याची हमी दिली ते मिळाले का, एवढेच पहिल्या रात्रीचा प्रेक्षक सांगू शकतो.

महाराष्ट्राशी या विषयाचा एक साक्षात धागा आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवातील समीक्षक-सप्ताहाच्या आरंभी दाखविला गेला. तो मान मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून आले. पण त्यातील भयाचे बीज नारायण धारप यांच्या कथेचे आहे. हा संयोग मार्मिक आहे. पेंडसे मराठी समीक्षेच्या राजमार्गावरचे लेखक. धारप ग्रंथालयांतून हातोहात जाणारे, पाने सुटेपर्यंत वाचले जाणारे, परंतु ‘रंजनप्रधान’ या एका शब्दात ज्यांची बोळवण होत असे असे लेखक. ज्या साहित्यपरंपरेने भयानकाला रसांच्या पंक्तीत बसविले, तिच्याच वारसदारांनी भयकथेला पंक्तीबाहेर ठेवावे, हा विरोधाभास लंडनच्या वृत्तपत्रांतील विरोधाभासाहून कमी नाही. ‘तुंबाड’च्या परीक्षणांतही ‘उन्नत’ वृत्ती दिसते : लोभाचे रूपक, सरंजामी व्यवस्थेचा ऱ्हास, १९१८ ते १९४७ हा कालपट यांची चर्चा होते. ते सर्व चित्रपटात आहे. पण साखळीने जखडलेल्या आजीला झोपवण्यासाठी हस्तरचे नाव घेणे, हा मुलाच्या कोवळ्या आवाजातला क्षण कोकणातल्या पावसाळी अंधारात ज्या जातीची भीती उत्पन्न करतो, ती धारपांच्या वाचकाला फार आधीपासून परिचित होती.

ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतात प्रदर्शित झाल्यावर ‘तुंबाड’ला बेताचेच प्रेक्षक मिळाले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवून गेला. धारप २००८ मध्येच निवर्तले होते.